आम्लपित्तावरील शस्त्रक्रिया : संमती देण्यापूर्वी काय जाणून घ्यावे?

सुरत व खानदेश यांचे नाते जुने आहे. ताप्ती खोरे रेल्वेमार्गाने सुरत हे नवापूर, नंदुरबार, अमळनेर व जळगाव यांच्याशी जोडलेले असून, सुरतेच्या उधना, लिंबायत आदी भागांत कामधंद्यासाठी गेलेली असंख्य मराठी कुटुंबे वास्तव्य करून आहेत. सीमेलगतच्या गावांतील अनेक रुग्णही औषधोपचारासाठी सुरत गाठतात. यंत्रमागावरील रात्रपाळी, अवेळी जेवण, तंबाखूचे व्यसन आणि जेवताच आडवे होण्याची सवय यांमुळे आंबट पाणी घशाशी येण्याचा त्रास बळावतो. अशा रुग्णांपैकी काहींना शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. तिच्याविषयी आवश्यक ती माहिती येथे देत आहोत.

विकाराचे स्वरूप

अन्ननलिका जठरास मिळते त्या ठिकाणी स्नायूंचे एक वलय असते. ते झडपेप्रमाणे कार्य करते : अन्न खाली जाऊ देते, परंतु जठरातील आम्ल वर येऊ देत नाही. छाती व पोट यांमधील श्वासपटलाचा त्यास आधार असतो. ही झडप सैल झाली, अथवा श्वासपटलातील छिद्र रुंदावून जठराचा काही भाग छातीत सरकला, म्हणजे आम्ल वर येऊन छातीत जळजळ होते. जठर असे वर सरकण्यास ‘हायटस हर्निया’ म्हणतात.

तथापि, लोकव्यवहारात ज्यास ‘पित्त’ म्हणतात तो प्रत्येक त्रास हा विकार नव्हे. जठरातील व्रण, पित्ताशयातील खडे, इतकेच नव्हे तर हृदयविकारही ‘पित्त’ समजला जातो. छातीत दुखून घाम येत असल्यास किंवा वेदना हाताकडे अगर जबड्याकडे जात असल्यास प्रथम हृदयाची तपासणी तातडीने करून घ्यावी. घास अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी होणे वा काळी शौचास होणे ही लक्षणे असल्यास दुर्बिणीची तपासणी लांबणीवर टाकू नये.

शस्त्रक्रिया कोणास?

बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रियेची गरज भासत नाही. वाढलेले वजन कमी करणे, तंबाखू सोडणे, रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी तीन तास आधी घेणे आणि खाटेच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू सुमारे १५ सेंटिमीटर उंच करणे, या उपायांनी बराच लाभ होतो. १९८८ च्या सुमारास प्रचारात आलेले ओमेप्राझोल व त्या वर्गातील औषधे आम्लनिर्मिती प्रभावीपणे कमी करतात. ती सामान्यतः जेवणापूर्वी अर्धा तास घ्यावयाची असतात. जेवणानंतर किंवा मनास येईल तेव्हा घेतल्यास गुण कमी येतो.

औषधाने जळजळ थांबूनही अन्न घशाशी येतच राहणे, औषध न मानवणे, ते आयुष्यभर घेण्याची इच्छा नसणे किंवा मोठा हायटस हर्निया असणे, अशा वेळी शस्त्रक्रियेचा विचार होतो.

आधी तपासणी, मग निर्णय

शस्त्रक्रियेपूर्वी दुर्बिणीने अन्ननलिकेची पाहणी, अन्ननलिकेच्या स्नायूंचे दाबमापन आणि, जेथे निदान निश्चित नसेल तेथे, २४ तासांचे आम्लमापन करतात. दाबमापनाचे महत्त्व विशेष आहे. अन्न खाली ढकलण्याची अन्ननलिकेची शक्तीच क्षीण असेल, तर घट्ट केलेली झडप घास अडवून ठेवील.

२०१९ साली प्रसिद्ध झालेले अमेरिकेतील एक संशोधन या दृष्टीने उद्बोधक आहे. औषधाने जळजळ थांबत नाही अशा ३६६ रुग्णांची कसून तपासणी केली असता, केवळ ७८ जण शस्त्रक्रियेच्या तुलनात्मक चाचणीस पात्र ठरले. कित्येकांना औषध नीट घेताच आराम पडला, तर कित्येकांचा त्रास आम्लामुळे नव्हताच. मात्र निवडलेल्या रुग्णांपैकी ज्यांची शस्त्रक्रिया झाली, त्यांतील ६७ टक्के रुग्णांना चांगला गुण आला. औषधांवर ठेवलेल्यांत हे प्रमाण पुष्कळच कमी होते.

शस्त्रक्रिया व त्यानंतर

ही शस्त्रक्रिया डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी १९५५ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे केली. तीत जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून टाके घालतात व श्वासपटलाचे छिद्र आवळतात. काही रुग्णांत पूर्ण वेढ्याऐवजी अर्धवट वेढा देतात. १९९१ पासून ती पोटावर लहान छिद्रे पाडून दुर्बिणीच्या साहाय्याने होऊ लागली. तिला पूर्ण भूल द्यावी लागते.

प्रारंभी काही दिवस पातळ व नंतर काही आठवडे मऊ आहार घ्यावा. पेज, वरण व मऊ भात चालतो. कोरडी भाकरी व सोड्याची पेये टाळावीत. घास अडकल्यासारखे वाटणे बहुधा काही आठवड्यांत कमी होते. ढेकर वा उलटी सहज न होणे, पोट फुगणे व वायू सरणे हा त्रास मात्र काहींना दीर्घकाळ राहतो. जड ओझी उचलण्याचे काम पुन्हा केव्हा सुरू करावे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

शस्त्रक्रियेनंतर औषध कायमचे सुटेल, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. स्वीडनमध्ये २,६५५ रुग्णांचा सरासरी पाच वर्षे मागोवा घेतला असता, १७.७ टक्के रुग्णांत विकार पुन्हा उद्भवला. त्यांतील बहुतेकांना दीर्घकाळ औषधे घ्यावी लागली, तर काहींवर दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली.

रुग्णाचा अधिकार

सुरतेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न नवे सिव्हिल रुग्णालय व महानगरपालिकेचे ‘स्मीमेर’ रुग्णालय ही मोठी सार्वजनिक रुग्णालये आहेत. कोठेही उपचार घेतले तरी पुढील प्रश्न अवश्य विचारावेत : माझ्या कोणत्या तपासण्या झाल्या व त्यांत काय आढळले? शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल? डॉक्टरांना या शस्त्रक्रियेचा अनुभव किती आहे? एकूण खर्च किती येईल? आयुष्मान कार्ड असल्यास ही शस्त्रक्रिया योजनेत बसते किंवा कसे, याची चौकशी आरोग्यमित्राकडे दाखल होण्यापूर्वीच करावी.

संमतिपत्र गुजराती वा इंग्रजीत असेल, तर ते मराठीत समजावून मागणे हा रुग्णाचा अधिकार आहे. न समजलेल्या कागदावर सही किंवा अंगठा करू नये. गावातील शिक्षक, ग्रामसेवक व आशा कार्यकर्त्या यांनी अशा वेळी रुग्णास कागद वाचून दाखविण्यास साहाय्य करावे. ही शस्त्रक्रिया बहुधा तातडीची नसते. विचार करण्यास वेळ असतो, व तो घेण्यात कोणताही कमीपणा नाही.