सात जिनसांचा मुलूख

‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक’ या कल्पित राज्यांच्या युद्धखेळाची माला १९९५ साली सुरू झाली आणि २०२५ साली तिला तीस वर्षे पूर्ण झाली. तिचा नवा भाग ‘ओल्डन एरा’ २०२४ मध्ये जाहीर झाला, तोही १९९९ च्या तिसऱ्या भागाचे वळण पुन्हा गिरवण्याच्या अभिवचनासह. आणि ज्या आम्हांस ‘जुनाट’ म्हणून इतकी वर्षे हिणवले गेले, त्यांनी या वार्तेने हर्षित व्हावे की संतप्त, हे प्रथम उमजेना. विचारान्ती संतापच अधिक न्याय्य वाटला.

पहिल्या दोन भागांविषयी पाल्हाळ लावण्याचे कारण नाही. जॉन व्हॅन केनेघम यांनी ‘न्यू वर्ल्ड कम्प्युटिंग’मध्ये पाया घातला, चार प्रकारच्या नगरांची पुढे सहा झाली, संगीतात ऑपेराचे स्वर आले, परंतु आमच्यापर्यंत ते सारे मागाहून, ऐकीव कीर्तीच्या रूपानेच पोहोचले.

आमचे दशक तिसऱ्या भागाचे. तेव्हाच्या औरंगाबादेत शिकणारे आम्ही चौघे भाऊ सुट्टीत देवगाव रंगारीस येत असू आणि ओसरीलगतच्या खोलीत एकाच संगणकावर आळीपाळीने डाव मांडत असू. ज्याची चाल त्याने खुर्चीवर बसावे आणि इतरांनी भिंतीकडे तोंड करावे, कारण आपल्या मुलखाची खबर फुटू न देणे हा शिरस्ता होता. दादाची चाल चालू असता धाकट्याची मान हळूच मागे वळे, आणि त्यावरून होणारा तंटा पटावरील लढाईहून तुंबळ असे. लोडशेडिंगचा अंमल असा कडक, की आमच्या स्वाऱ्यांचे मुहूर्त वीज मंडळच ठरवी.

सरदाराच्या घोड्यापुढे बाणांची रेघ उमटे: आज गाठता येईल तिथवर हिरवी, उद्यावर गेलेली वाट तांबडी. त्या तांबड्या टोकाशी नेमकी गंधकाची खाण असावयाची. सोने, लाकूड, खनिज, पारा, गंधक, स्फटिक आणि रत्ने या सात जिनसांपैकी एक अडली की नगरातले बांधकाम अडे. आठवडा पालटताच नवी फौज भरतीस उभी राही, आणि अशा वेळी खजिना रिता निघणे याहून मोठी नामुष्की नव्हती. वसूल, लष्कर आणि अंतर यांचे सारे गणित एका दृष्टिक्षेपात वाचता यावे आणि तरीही सहजी सुटू नये, यातच त्या रचनेचे थोरपण होते. त्याच सुमारास पुढच्या विस्तारात ‘फोर्ज’ नावाचे यंत्रयुगीन नगर घुसडण्याचा घाट घातला गेला, तो खेळाडूंच्या विरोधामुळे सोडावा लागला. रयतेचे ऐकण्याची रीत तेव्हा होती.

पुढे २००२ च्या चौथ्या भागाने सरदारालाच रणात उतरवले. २००३ मध्ये प्रकाशक ‘थ्रीडीओ’चे दिवाळे निघाले आणि ही सारी दौलत १३ लक्ष डॉलरांना ‘युबीसॉफ्ट’कडे गेली. रशियाच्या ‘निवाल’ने २००६ मध्ये घडवलेला पाचवा भाग निष्ठेने केला होता, हे मान्य केलेच पाहिजे, पण त्रिमितीच्या हव्यासापायी पट वाचण्याऐवजी तो फिरवीत बसण्यातच वेळ जाऊ लागला. २०११ च्या सहाव्या भागाने सात जिनसांच्या चारच ठेवल्या, कोणत्याही नगराची फौज दुसऱ्या नगरात भरती करण्याची मुभा दिली आणि अंतराचे मोलच नाहीसे केले. खेळाडूला विचार करणे जड जाते, अशी कोणाची तरी समजूत झाली असावी. २०१५ च्या सातव्याने, नावे काही बदलून का होईना, जिनसांची संख्या पुन्हा सातावर नेली. हा मधल्या कारभाराचा कबुलीजबाबच म्हणावयाचा.

त्याच वर्षी तिसऱ्या भागाची नवी, उजळ आवृत्ती निघाली, पण तिचे दोन्ही विस्तार वगळून. कारण त्यांची वापरण्याजोगी मूळ संगणकीय संहिता हाती नव्हती. आमच्या तालुक्याच्या कचेरीत आजोबांच्या वेळचा फेरफार शोधला तर मिळतो, आणि जगभर विकल्या गेलेल्या वस्तूचे मूळ दप्तर तिच्या मालकापाशी नसावे! ‘हॉर्न ऑफ द अ‍ॅबिस’ हा नवा विस्तार मात्र हौशी खेळाडूंनीच २०११ पासून, कसलाही हक्क नसता, पदरमोड करून वाढवीत आणला आहे.

तेव्हा जुन्या वळणाकडे परतण्याची द्वाही आता फिरवणाऱ्यांचे स्वागत आम्ही करू, खेळही विकत घेऊ; परंतु वळण मोडले ते रयतेने नव्हे, एवढे त्या जाहीरनाम्यात कोठेतरी नमूद असावयास हवे होते.