उतरून गेलेला साक्षीदार

पुणे–नगर रस्त्यावरच्या सुप्याला रेल्वे नाही. इथल्या माणसाचा प्रवास एसटीचा, आणि त्या नात्याची सुरुवातही याच रस्त्यावरची. 1 जून 1948 रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी अहमदनगर आणि पुण्यादरम्यान धावली, ती सुप्यावरूनच. वाहक लक्ष्मण केवटे, चालक किसन राऊत, भाडे अडीच रुपये. संस्थेची रोकड दिवसभर एकट्या माणसाच्या चामडी पिशवीत ठेवायची, हा व्यवहार तेव्हापासूनचा. पिशवीवर नजर कोणी ठेवायची, हा प्रश्नही तेवढाच जुना.

कागदी तिकिटांच्या काळात वाहकाकडे पत्र्याची पेटी असे, तीत वेगवेगळ्या दरांच्या तिकिटांचे गठ्ठे आणि भोक पाडायचा चिमटा. टप्पा आला की गठ्ठ्यातल्या तिकिटाचा क्रमांक वेबिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, चढवायचा. सगळी मेख या कागदात. समजा, सुप्यात तिघे चढले. वाहक हळूच म्हणाला, “तिकीट राहू द्या, थोडे कमी द्या.” पुढे कामरगावजवळ लाइन चेकिंगची जीप आडवी आली. तपासनीस चढतो तो प्रवाशांकडे नंतर वळतो. आधी वेबिल ताब्यात घेतो, कारण एकदा आकडा चढवला की चोरी झाकली जाते. मग डोकी मोजायची, तिकिटे ताडायची, पिशवी रिकामी करायची. ड्युटीवर निघताना खिशातले स्वतःचे पैसेही वेबिलावर लिहायचे असतात ते एवढ्यासाठी: हिशेबाबाहेर निघालेली रक्कम जेवणासाठी घरून आणली होती, हे नंतर सांगून चालत नाही.

आता मशीन आले. क्रमांक आपोआप पडतो, वेळही छापली जाते. पण पैसे घेऊन बटणच दाबले नाही, तर मशीन बिचारे काय करणार?

आणि प्रवासी? तो या चोरीतला भागीदार असतो, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. सापडला तर बुडवलेले भाडे आणि शिवाय त्याच्या दुप्पट किंवा 100 रुपये, यांतली मोठी रक्कम भरायची, की तो मोकळा. वाहकाचे मात्र निलंबन, आरोपपत्र, विभागीय चौकशी. त्या चौकशीला हा प्रवासी सहसा फिरकत नाही. कुठल्या तरी फाट्यावर उतरून तो शेतात गेलेला असतो.

मग साक्षीदाराविना आरोप सिद्ध कसा धरायचा? हरियाणातल्या रतनसिंग या वाहकाच्या खटल्यात 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली. तिथे तपासणी पथकाने प्रवाशांचे जबाबच नोंदवले नव्हते. न्यायालय म्हणाले, खातेचौकशीला पुराव्याचा कायदा काटेकोर लागत नाही. थोडाफार पण विश्वासार्ह पुरावा पुरे. पुढे कर्नाटकातल्या एका वाहकाने 35 जणांकडून सव्वादोन रुपये घेऊन पावणेदोनची तिकिटे दिल्याचे प्रकरण त्याच न्यायालयात गेले. फरक सगळा मिळून साडेसतरा रुपये. तरी न्यायालयाने सहानुभूती दाखवली नाही: ही एक तर बेइमानी, नाही तर घोर हलगर्जी. रक्कम किती, यापेक्षा विश्वास गेला हे मोठे. मला हे तत्त्व पटते. मात्र रतनसिंगचा आधार घेऊन चौकशी उरकून टाकायची सवय लागते, तिथे भीती वाटते.

रेल्वेतला एक खटला या भीतीचे कारण सांगतो. 31 मे 1988. दादर–नागपूर एक्सप्रेसच्या डब्यात दक्षता पथकाने अचानक तपासणी केली. तिकीट तपासनीसावर आरोप आले: तिघा प्रवाशांकडून मिळून 50 रुपयांची लाच मागितली, हिशेबापेक्षा 1,254 रुपये जास्त सापडले, एका प्रवाशाकडून भाड्यातला 18 रुपयांचा फरक वसूल केला नाही, ड्युटी पासात खाडाखोड केली. 1996 साली तो बडतर्फ झाला. तिघांपैकी एका प्रवाशाला चौकशीत बोलावलेच नव्हते. उरलेल्या दोघांनी लाचेला दुजोरा दिला नाही. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने 2002 मध्ये बडतर्फी रद्द केली. रेल्वे उच्च न्यायालयात गेली, आणि 2017 साली नागपूर खंडपीठाने निकाल फिरवला.

सर्वोच्च न्यायालयाने 27 ऑक्टोबर 2025 रोजी न्यायाधिकरणाचा निर्णय पुन्हा कायम केला. घटनेला 37 वर्षे झाली होती. तपासनीस तोवर हयात नव्हता. निवृत्तीचे लाभ तीन महिन्यांत वारसांना द्यावेत, असा आदेश झाला.