विश्लेषण : स्प्लेंडरवरून थेट दोनशे किलोंच्या टूररवर! पहिले हजार किलोमीटर का जपायचे?

ऊसबिलाचा हप्ता जमा झाला की टेंभुर्णी परिसरात दोन गोष्टींची चौकशी वाढते. एक ट्रॅक्टरची, दुसरी मोटारसायकलची. पूर्वी ही चौकशी शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीपाशी थांबायची, फार तर बुलेटपर्यंत जायची. आता माढा, करमाळा, इंदापूर पट्ट्यात हिमालयन, सुपर मीटिओर, केटीएम अ‍ॅडव्हेंचर अशा लांब पल्ल्याच्या जड गाड्या दिसू लागल्या आहेत. गाडी घेणारा तरुण नवशिका नसतो. दहा-बारा वर्षे त्याने स्प्लेंडर, शाईन किंवा पल्सर चालवलेली असते. वीज आली की रात्री-अपरात्री मोटार चालू करायला तो गाडीवरूनच शेतात जातो, दुधाचे कॅन त्याने गाडीवरूनच वाहिलेले असतात. ‘गाडी येते’ याबद्दल त्याच्या मनात शंका नसते. अडचण नेमकी तिथेच सुरू होते.

अनुभवी चालकालाही धोका का?

या प्रश्नाचा सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास अमेरिकेतला आहे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांची घटनास्थळी जाऊन तपासणी केली. १९८१ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. अपघातग्रस्त चालकांकडे एकूण गाडी चालवण्याचा सरासरी अनुभव जवळपास तीन वर्षांचा होता. मात्र निम्म्याहून अधिक जणांचा अपघात झालेल्या त्या विशिष्ट गाडीवरचा अनुभव पाच महिन्यांपेक्षा कमी होता. म्हणजे हे चालक जुने होते, त्यांच्या हातातली गाडी मात्र नवी होती.

याच अहवालातील दुसरे निरीक्षण आपल्याकडच्या रस्त्यांना अधिक लागू पडते. संकट समोर आल्यावर बहुतेकांनी मागचा ब्रेक गच्च दाबून चाक घसरवले आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही. अहवाल चाळीस वर्षांहून जुना आहे, त्यातल्या गाड्याही आता दिसत नाहीत. पायाने ब्रेक मारण्याची सवय मात्र टिकून आहे.

भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार त्यातले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. यात जड गाड्यांचा वाटा थोडाच असणार, कारण रस्त्यावर त्यांची संख्याच कमी आहे. पण वेग, वजन आणि जुन्या सवयी एकत्र आल्या की काय होते, हे समजून घेण्यासाठी आकड्यांची वाट पाहायची गरज नाही.

फरक नेमका किती?

स्प्लेंडर प्लसचे वजन ११२ किलो, इंजिन ९७.२ सीसीचे, ताकद सुमारे ८ पीएस. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये बाजारात आलेल्या हिमालयन ४५० चे वजन १९६ किलो, ताकद ४० पीएस. सुपर मीटिओर ६५० तर २४१ किलोंची आहे. हिमालयनची सीट जमिनीपासून ८२५ मिलिमीटर उंच, स्प्लेंडरची ७८५. चार सेंटिमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. साडेपाच फुटांच्या माणसाला त्याच चार सेंटिमीटरमुळे पूर्ण तळवे टेकवण्याऐवजी चवड्यांवर उभे राहावे लागते.

म्हणूनच नव्या मालकाची गाडी पहिल्यांदा पडते ती बहुतेकदा हायवेवर नव्हे, घरासमोर. यू-टर्न घेताना, पेट्रोल पंपावर थांबताना, उतारावर पाय टेकताना. स्प्लेंडर एका बाजूला कलली तर मांडीने रेटून सरळ करता येते. दोनशे किलोंची गाडी एका मर्यादेपलीकडे कलली की ती धरण्याचा हट्ट सोडलेला बरा. पाठ आणि मनगट गाडीपेक्षा महाग आहेत.

काळ्या रानात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. शेताच्या कडेला ओल्या किंवा भुसभुशीत मातीत साइड स्टँड लावला की तो हळूहळू आत जातो आणि माणूस मोटार बघायला गेला तोवर गाडी आडवी झालेली असते. जुने बुलेटवाले यासाठी स्टँडखाली चपटा दगड किंवा फरशीचा तुकडा ठेवत. तो उपाय आजही तेवढाच चालतो.

पाय चुकतो तो कुठे?

वजनाची सवय आठ-दहा दिवसांत होते. पायाची सवय मोडायला जास्त वेळ लागतो, आणि याबद्दल शोरूममध्ये गाडीची चावी देताना क्वचितच कोणी बोलते.

पहिली गोष्ट गिअरची. स्प्लेंडरसारख्या चार गिअरच्या गाड्यांत सगळे गिअर पुढचा पॅडल दाबून पडतात. मोठ्या गाडीत पहिला गिअर खाली, मग न्यूट्रल आणि पुढचे पाच वर उचलून. दहा वर्षांच्या सवयीने हायवेवर ‘पुढचा गिअर’ म्हणून पाय खाली दाबला तर गाडी वरच्या गिअरऐवजी खालच्या गिअरमध्ये जाते. इंजिन एकदम ओरडते, मागचे चाक अडखळते, पाठीमागून येणाऱ्या ट्रकला काही कळायच्या आत वेग पडतो. नव्या गाड्यांतला स्लिपर क्लच हा झटका बराच सौम्य करतो, पण चूक पुसत नाही. पल्सरवरून आलेल्यांना हा त्रास नसतो. जुन्या बुलेटच्या काळात गोंधळ याहून मोठा होता : गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. त्या गाडीवरून दुसरीवर बसणाऱ्याला आजोबा आधी गावात दोन चकरा मारायला लावत, ते उगाच नव्हे.

दुसरी गोष्ट ब्रेकची, आणि ती जास्त गंभीर आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना कॉम्बी ब्रेक आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. कॉम्बी ब्रेकमध्ये पायाचा ब्रेक दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. त्यामुळे अलीकडची स्प्लेंडर चालवणाऱ्याचा असा समज पक्का होतो की पायाने गाडी थांबते. बहुतेक मोठ्या गाड्यांत पायाचा ब्रेक फक्त मागच्या चाकाचा असतो. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो, मागचे चाक हलके होते आणि त्याची पकड घटते. थांबवण्याचे निम्म्याहून बरेच अधिक काम पुढच्या चाकाला करावे लागते. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण न दाबलेला पुढचा ब्रेक ते स्वतःहून दाबत नाही.

‘पुढचा ब्रेक मारला की गाडी घसरते’ हा गावाकडचा धडा कच्च्या रस्त्यावर, गुळगुळीत टायरवर आणि एबीएस नसलेल्या गाडीवर शिकलेला आहे. तिथे तो बरोबरही होता. डांबरी रस्त्यावर, हँडल सरळ असताना, लिव्हर झटक्यात न ओढता आधी हलका आणि मग वाढवत नेला, तर पुढचा ब्रेकच जीव वाचवतो. हे हाताला पटेपर्यंत मोकळ्या जागेत ताशी ३०, मग ४०, मग ५० वेगावरून थांबण्याचा सराव करावा लागतो. पहाटेचे रिकामे बाजार मैदान किंवा रविवारी एमआयडीसीतला सुनसान रस्ता यासाठी पुरे. एबीएस लागल्यावर लिव्हरला आणि पॅडलला जी थरथर जाणवते तीही तिथेच एकदा अनुभवलेली बरी. पहिल्यांदा ती आणीबाणीत जाणवली तर घाबरून ब्रेक सोडणारे असतात.

ऐंशीच्या वेगाला किती जागा लागते?

गाडी जड म्हणून थांबायला जास्त अंतर लागते, हा समज अर्धाच खरा आहे. टायर आणि ब्रेक चांगले असतील तर घर्षणाच्या हिशेबात वजन दोन्ही बाजूंनी कटते. अंतर वाढवतो तो वेग, आणि तोही वर्गाने. कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक मारला आणि धोका लक्षात येऊन हात हलायला एक सेकंद गेला असे धरले, तर ताशी ६० ला साधारण ३७ मीटर, ८० ला ५८ मीटर आणि १०० ला ८४ मीटर लागतात. रात्री डिपर लाइटमध्ये नीट दिसते ते पन्नास-साठ मीटरपर्यंत. म्हणजे शंभरच्या वेगाने जाणारा चालक न दिसलेल्या रस्त्यावर गाडी हाकत असतो.

पुणे-सोलापूर महामार्गावर टेंभुर्णीच्या आजूबाजूला या हिशेबाला वेगळा अर्थ येतो. गाळप हंगामात संध्याकाळनंतर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर ताशी पंधरा-वीसच्या वेगाने चाललेले असतात. अनेकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर वाड्याखाली झाकलेला असतो. स्प्लेंडरवर साठने जाणाऱ्याला त्या ट्रॉलीचा अंदाज यायचा. नवी गाडी शंभरला पोहोचते तेव्हाही तिचे इंजिन शांत असते, हादरे बसत नाहीत. वेग जाणवतच नाही. जुन्या गाडीवर कानाला येणारा आवाज हाच वेगाचा काटा होता. इथे प्रत्यक्ष मीटरकडे पाहावे लागते. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी दुभाजक असलेल्या रस्त्यावर दुचाकीची कमाल मर्यादा ताशी ८० आणि इतर रस्त्यांवर ६० आहे.

ट्रॉलीतून पडलेली उसाची कांडी चिरडून ओली झाली की चाकाखाली साबणासारखी वागते. शेतातून रस्त्यावर येणाऱ्या वाटांच्या तोंडाशी चिखलाचे पट्टे असतात. अशा ठिकाणी वेग आधीच कमी करून, ब्रेक न लावता सरळ जाणे, एवढेच करता येते.

हँडल उलट वळते का?

वेग वाढला की हँडल फिरवून गाडी वळत नाही, ती कलते. उजवीकडे जायचे असेल तर उजवे हँडल किंचित पुढे ढकलावे लागते. गाडी उजवीकडे कलते आणि वळते. सायकलवरही हेच घडते, फक्त ते नकळत होते. हलक्या गाडीवर अंग झुकवून काम भागते. दोनशे किलोंच्या गाडीला केवळ अंग झुकवून फरक फारसा पडत नाही. समोर खड्डा किंवा कुत्रे आल्यावर गाडी ‘ऐकत नाही’ अशी तक्रार नवे मालक करतात, त्यामागे बरेचदा हेच कारण असते. सरळ मोकळ्या रस्त्यावर चाळीस-पन्नासच्या वेगात दोन्ही हँडल आलटून-पालटून हलकेच ढकलून पाहिले की दहा मिनिटांत गोष्ट हाताला समजते. भीमानगरजवळ भीमेवरच्या पुलासारख्या उघड्या जागी आडवा वारा गाडी ढकलतो, तेव्हाही हीच हलकी ढकल कामी येते. तिथे हँडल गच्च धरणारा जास्त डगमगतो.

रनिंग-इन म्हणजे काय, आणि हायवे का नको?

नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत एकमेकींना घासून बसायच्या असतात. या काळात इंजिनावर वेगवेगळा भार पडला तर ते चांगले बसते. एकाच वेगात तासन् तास चालवणे किंवा एकदम ताणणे दोन्ही वाईट. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत मर्यादा दिलेल्या असतात, त्या पाळाव्यात. पहिली सर्व्हिसिंग साधारण ५०० ते १००० किलोमीटरला असते आणि त्या वेळी ऑइल बदलणे टाळू नये, कारण घासून निघालेले धातूचे बारीक कण त्यातच उतरलेले असतात.

इंजिनासारखेच टायरचेही असते. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, पहिले शे-दीडशे किलोमीटर तो पुरती पकड देत नाही. ब्रेक पॅडही बसायचे असतात. गाडी घेऊन त्याच दिवशी पुण्याहून टेंभुर्णीपर्यंतचे सुमारे १६५ किलोमीटर एका दमात आणणे हा प्रकार त्यामुळे टाळण्यासारखा आहे. आणायचीच असेल तर दिवसाउजेडी, थांबत, वेग बदलत. सरळसोट चौपदरीपेक्षा कुर्डुवाडी किंवा करमाळ्याचा रस्ता सरावाला बरा. तिथे गिअर सतत बदलावे लागतात, गतिरोधक आहेत, गावे आहेत. कंदरच्या बाजूला केळीचे ट्रक वळताना दिसतात, त्यांच्याशी जुळवून घेताना क्लचचा हात आपोआप तयार होतो.

परवाना वेगळा लागतो का?

भारतात नाही. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना शंभर सीसीलाही तोच आणि अठराशे सीसीलाही तोच. युरोपात पायऱ्या आहेत : अठराव्या वर्षी मिळणाऱ्या ए-टू परवान्यावर ३५ किलोवॉटपर्यंतचीच गाडी चालवता येते, त्यावर दोन वर्षे काढल्यानंतर मोठी. जपानमध्ये ४०० सीसीच्या वर वेगळा परवाना लागतो. आपल्याकडे ही पायरी चालकाने स्वतःच घालून घ्यायची, असा अर्थ निघतो. व्यवस्था त्याबाबत गप्प आहे. विमा कंपन्या मात्र फरक करतात. २०२२ च्या दरानुसार नव्या गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा ७५ ते १५० सीसीला ३,८५१ रुपये, तर ३५० सीसीवरच्या गाडीला १५,११७ रुपये होता. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीनेही ३५० सीसीवर रेघ ओढली : खाली १८ टक्के, वर ४०.

मागे कोणी बसले की?

घरात गाडीला विरोध असतो तो किमतीवरून सुरू होतो आणि ‘मागे पोराला बसवू नको’ इथे येऊन थांबतो. आईचे हे म्हणणे तांत्रिकदृष्ट्याही बरोबर आहे. मागे साठ किलोंचा माणूस बसला की भार मागच्या चाकावर जातो, पुढचे चाक हलके होते, थांबताना तोल वेगळ्या जागी असतो. मागची सीट उंच असल्याने पाय टाकून चढताना मागचा माणूस गाडी एका बाजूला ओढतो. म्हणून चालकाने दोन्ही पाय रोवून, पुढचा ब्रेक धरून ‘बस आता’ म्हटल्यावरच त्याने चढावे. सहाशे-सातशे किलोमीटर एकट्याने झाल्यावर आधी घरातल्या हलक्या माणसाला, गावातल्या गावात. टायरची हवा आणि मागच्या शॉकचा प्रीलोड पुस्तिकेत दोघांसाठी वेगळा दिलेला असतो, तो बदलून घ्यावा. हेल्मेट दोघांनाही, आयएसआय खुणेचे.

आणि गाडी पडलीच तर? आधी इंजिन बंद. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड बाहेर काढून, गिअरमध्ये टाकून ठेवायची. मग गाडीकडे पाठ करून, सीटच्या कडेला टेकून बसायचे, एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने मागची कडी धरायची आणि कंबर न वाकवता पायांच्या जोरावर मागे-मागे पावले टाकत गाडी उभी करायची. हा प्रयोग पंढरपूरच्या रस्त्यावर वारीच्या गर्दीत पहिल्यांदा करण्यापेक्षा अंगणात, खाली जुनी गादी टाकून आणि भावाला शेजारी उभे करून एकदा केलेला सोयीचा. शेजारीपाजारी हसतील, पण तेच नंतर हात द्यायलाही येतात.