गढूळ साकेचा आस्वाद

पेय जितके नितळ तितके शुद्ध, असा आपला सर्वसाधारण समज असतो. गढूळ पाणी तुरटी फिरवून निवळावे आणि मग प्यावे, हीच आपली रीत. जपानातील ‘निगोरी’ साके मात्र या समजाला अपवाद आहे. ती दुधट दिसते, पेल्यात बारीक बुडबुडे सोडते, आणि जाणकार तिच्या गढूळपणालाच गुण मानतात. असे का, हे समजण्यासाठी ती कशी तयार होते ते आधी पाहिले पाहिजे.

तांदूळ, पाणी, कोजी आणि यीस्ट यांपासून साके होते. कोजी म्हणजे वाफवलेल्या तांदळावर मुद्दाम वाढवलेली बुरशी. ती भातातील पिष्टाची साखर करते. यीस्ट त्या साखरेचे मद्य करते आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडते. बिअरमध्ये ही दोन कामे एकामागून एक होतात. साकेच्या पिंपात ती एकाच वेळी चालतात. आंबलेले मिश्रण पुढे कापडातून दाबून गाळतात आणि सुमारे ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवतात. त्यामुळे यीस्ट मरते व साके टिकते. तापवण्याची ही युक्ती जपानी लोकांना सोळाव्या शतकातच, म्हणजे पाश्चरच्या सुमारे ३०० वर्षे आधी, ठाऊक होती.

हेच मिश्रण विरळ विणीच्या गाळणीतून काढले, तर भाताचे बारीक कण साकेबरोबर उतरतात. ही निगोरी. ती न तापवता बाटलीत भरली, तर जिवंत यीस्ट आतही काम करीत राहते आणि कोंडलेला वायू द्रवात विरघळतो. तिची फसफस ती हीच.

पूर्वी जपानी शेतकरी घरोघरी ‘दोबुरोकू’ नावाची, मुळीच न गाळलेली दारू करीत. मद्यावरील कर हा सरकारचा मोठा आधार होता. १८९९ साली घरगुती मद्यनिर्मितीवर बंदी आली. साके गाळलेली असलीच पाहिजे, असे कायदा म्हणतो. गाळणीची भोके किती बारीक असावीत, हे मात्र तो सांगत नाही. याच मोकळीकीचा लाभ घेऊन १९६० नंतरच्या दशकात क्योतोच्या फुशिमी भागातील मासुदा तोकुबेए यांच्या कारखान्याने निगोरी बाजारात आणली.

आता आस्वादाविषयी. बाटली उभी ठेवून चांगली थंड करावी, हलवू नये. झाकण किंचित सैल करावे आणि फेस चढू लागला की पुन्हा आवळावे. उतू जाणाऱ्या दुधावर नजर ठेवतो, तसा धीर येथे हवा. फेस बेताचा असेल, तर पहिला घोट वरच्या निवळीचा घ्यावा: तो हलका, किंचित आंबट लागतो. मग गाळ मिसळून दुसरा घ्यावा: आता भाताची गोडी आणि मऊपणा येतो, आणि बुडबुड्यांमुळे तो दाटपणा जिभेवर जड होत नाही. दोन्ही घोटांतील फरक ओळखणे, हाच खरा आस्वाद.

आपल्यापैकी अनेकांनी मद्याला स्पर्शही केला नसेल, आणि त्यांना तसा आग्रहही नाही. पण रात्री भिजवलेले आंबोळीचे पीठ सकाळी फुगलेले प्रत्येक घराने पाहिले आहे. निगोरीही तशीच चालती वस्तू आहे. यीस्ट साखर खात राहते, म्हणून आज गोड लागलेली साके काही आठवड्यांनी कोरडी लागते. गाळून, तापवून टिकाऊपणा मिळतो. त्याची किंमत या जिवंतपणाने मोजावी लागते. गढूळ बाटलीत ती किंमत वाचलेली असते, एवढे लक्षात आले तरी पुरे.