नियम बरोबर, तरी साइट बंद

वेब सर्व्हर आत, फायरवॉल दारात, आणि मध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचा एक रूल: बाहेरून ८० किंवा ४४३ वर येणारे पॅकेट आतल्या अमुक मशीनकडे पाठव. काम एवढेच. तरीही ‘ऑफिसातून साइट दिसते, बाहेरून उघडत नाही’ ही तक्रार गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जुनी झालेली नाही आणि तिच्यावरचा पहिला सल्लाही बदललेला नाही: रूल पुन्हा तपासा. या काळाचा मागोवा घेतला तर दिसते की बिघाडाची जागा रूलपासून दूर सरकत गेली. आधी ती फायरवॉलच्या आतल्या क्रमात गेली, मग सर्व्हरमध्ये, मग परतीच्या वाटेवर आणि शेवटी ग्राहकाच्या हद्दीबाहेर. शोधणाऱ्यांची नजर मात्र सेटिंगच्या पानावरच खिळून राहिली.

मुळात ही सगळी व्यवस्था तात्पुरती म्हणून आली. मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१ या दस्तऐवजात पत्ता बदलण्याची युक्ती, म्हणजे नॅट, मांडली. पत्त्यांच्या टंचाईवर कायमचा तोडगा निघेपर्यंत वेळ मारून नेणे हाच तिचा हेतू होता, आणि यात आयपी पत्त्याला टोकापासून टोकापर्यंत असलेला अर्थ उरत नाही, हे लेखकांनी तिथेच सांगून टाकले होते. कायमच्या तोडग्याचा, आयपीव्ही६ चा, पहिला आरएफसी डिसेंबर १९९५ मध्ये आलाही. पण तोवर नॅटची सवय लागली होती. नॅट आतून बाहेर गेलेल्या जोडणीची नोंद ठेवते आणि तिचे उत्तर आत सोडते. बाहेरून आपणहून आलेल्या पॅकेटची नोंदच नसल्याने ते कुणाला द्यायचे हे तिला ठाऊक नसते. ते सांगण्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग. ठिगळावर ठिगळ म्हटले तरी चालेल.

पहिला घोटाळा क्रमाचा. जानेवारी २००१ मध्ये लिनक्स कर्नल २.४ बरोबर आयपीटेबल्स आले. त्यात पत्ता आधी बदलतो आणि पॅकेट आत सोडायचे की नाही याचा निर्णय नंतर होतो. म्हणून परवानगीच्या रूलमध्ये सर्व्हरचा लोकल पत्ता आणि आतला पोर्ट लिहावा लागतो. पब्लिक पत्ता लिहिला तर रूल वाचायला बिनचूक दिसतो आणि एकाही पॅकेटला लागू पडत नाही. सिस्कोच्या एएसए फायरवॉलवर याच्या उलट रीत होती, बाहेरच्या पत्त्यावर परवानगी द्यायची. ती २०१० च्या ८.३ आवृत्तीत पालटली आणि तिथेही लोकल पत्ता लिहावा लागू लागला. अपग्रेड करताना जुनी सेटिंग नव्या पद्धतीत आपोआप बदलली जाई, माणसांचा हात मात्र जुन्या वळणाचाच राहिला. पुढे डॉकरने याच क्रमाचा उलटा धडा दिला. कंटेनरचा पोर्ट खुला केला की पॅकेट वेगळ्या साखळीतून जाते, त्यामुळे यूएफडब्ल्यू या लिनक्सवरच्या फायरवॉलमध्ये बंद केलेला पोर्ट जगाला उघडा असतो.

दुसरी भिंत सर्व्हरवरच उभी राहिली. ऑगस्ट २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून विंडोजचा फायरवॉल मुळातच चालू असतो, आणि त्यातली परवानगी फक्त लोकल नेटवर्कपुरती देता येते. तशी दिली की आतल्या सगळ्या चाचण्या पास होतात, बाहेरचा माणूस मात्र अडतो. परतीची वाट याहून फसवी. सर्व्हरचा डिफॉल्ट गेटवे दुसऱ्याच राउटरकडे असेल, तर पॅकेट आत येते, सर्व्हर उत्तरही देतो, पण ते उत्तर भलत्याच दाराने बाहेर पडते आणि जोडणी जुळत नाही. उलट आतून पब्लिक पत्ता टाकून पाहिला आणि साइट उघडली नाही, तर दोष चाचणीचाही असू शकतो. अशी जोडणी वळवून परत आत आणण्याची अपेक्षा टीसीपीसाठी ऑक्टोबर २००८ च्या आरएफसी ५३८२ मध्ये लिहिलेली आहे, तरी ती न पाळणारे राउटर आजही मिळतात. वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून पाहणे हीच खरी चाचणी.

यावर आक्षेप येतो की बहुतेक वेळा चूक साधीच असते: डीएचसीपीने सर्व्हरचा पत्ता बदललेला असतो किंवा पोर्ट चुकलेला असतो, मग रूलपासून सुरुवात का नको? चूक साधी असते हे मान्य. पण ती सापडते पॅकेट पाहून. टीसीपीडंप १९८८ पासून हाताशी आहे. फायरवॉलच्या बाहेरच्या बाजूला जोडणी सुरू करणारे पहिले सिन पॅकेट दिसले नाही, तर आतले काहीही बदलून उपयोग नाही. तिथे दिसले आणि आतल्या बाजूला नाही, तर रूल किंवा क्रम. आतही दिसले पण उत्तर निघाले नाही, तर सर्व्हर. उत्तर निघून फायरवॉलकडे पोचलेच नाही, तर गेटवे. ब्राउझरचा निरोपही बोलका असतो: ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे कुणीतरी नकार दिला, ‘टाइम आउट’ म्हणजे पॅकेट किंवा त्याचे उत्तर कुठेतरी गडप झाले. रूल दहा वेळा वाचून यातले काहीच कळत नाही.

ही पद्धत अपरिहार्य झाली ती २०११ नंतर. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगभर पत्ते वाटणाऱ्या आयाना या संस्थेचा आयपीव्ही४ चा साठा संपला, १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिक विभाग शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आला. एप्रिल २०१२ च्या आरएफसी ६५९८ ने १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा सेवा कंपन्यांच्या स्वतःच्या नॅटसाठी राखून दिला. भारतातले कोट्यवधी लोक स्वस्त डेटावर आले ते त्यानंतर, २०१६ पासून. म्हणजे टंचाईच्या काळातच. राउटरच्या वॅन पत्त्यात हा पट्टा दिसला, तर घरच्या राउटरवरचा कुठलाही रूल आयपीव्ही४ वरून साइट उघडणार नाही, कारण बाहेरून येणाऱ्या पॅकेटचा पत्ता आधी कंपनीकडे बदलतो आणि तिथे आपला रूल नाही. म्हणून तपासाची पहिली पायरी आता रूल नव्हे, पत्ता: राउटरवर दिसणारा आणि बाहेरच्या जगाला दिसणारा एकच आहे का? नसेल, तर स्टॅटिक आयपी मागायचा. एकच असूनही ८० बंद असू शकतो. जुलै २००१ च्या कोड रेड वर्मनंतर अमेरिकेत काही कंपन्यांनी तो घरगुती ग्राहकांसाठी अडवला. तसे असले की सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचे ८० वरून होणारे पडताळणीचे काम अडते, तेव्हा डीएनएसचा मार्ग धरता येतो.

नॅटमुळे सुरक्षितता मिळते, तेव्हा हा त्रास परवडतो, असेही म्हटले जाते. पण संरक्षण देते ती जोडण्यांची नोंद ठेवणारी गाळणी, पत्त्यांची अदलाबदल नव्हे. आरएफसी ४८६४ ने २००७ मध्येच हे वेगळे करून दाखवले. आयपीव्ही६ वर पत्ता न बदलता तीच गाळणी लावता येते. तिथे फॉरवर्डिंग जाते, परवानगीचा रूल मात्र उरतो, आणि कंपनीने दिलेल्या काही मोडेममध्ये आयपीव्ही६ साठी तो लिहायला जागाच ठेवलेली नसते. तेव्हा टनेलचा आधार घेतला जातो. सर्व्हर स्वतःच बाहेरच्या सेवेशी जोडणी करतो आणि दारातला रूल लागत नाही. सोय मोठी आहे, पण पॅकेट आता ज्या मशीनवर हरवेल तिथे आपल्याला टीसीपीडंप चालवता येत नाही, आणि एचटीटीपीएसचे कुलूप तिथेच उघडत असेल तर मजकूरही त्या सेवेला वाचता येतो.