जुन्या विमानाचा फोटो: गैरसमज आणि वस्तुस्थिती

छायाचित्रातले जुने विमान ओळखायचे ते त्याच्या बांधणीवरून. पंख धडाच्या वर आहेत की खाली, इंजिने किती आणि कुठे, शेपटीचा आकार कसा, चाके कशी बसवली आहेत, हे आधी पाहायचे. रंग, खुणा आणि अक्षरे त्यानंतर. बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यामुळे होतात.

वर-खाली दोन पंखांचे, म्हणजे द्विपंखी विमान दिसले की ते पहिल्या महायुद्धातले, हा सर्वांत पक्का गैरसमज. ब्लेरिओने २५ जुलै १९०९ रोजी इंग्लिश खाडी ओलांडली ती एकपंखी विमानातून. उलट ब्रिटिशांच्या द्विपंखी ‘स्वोर्डफिश’ने मे १९४१ मध्ये ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेचे सुकाणू टॉर्पेडोने निकामी केले. रशियाचे अन्तोनोव एएन-२ तर १९४७ साली पहिल्यांदा उडाले, तेही द्विपंखीच. पंखांच्या संख्येवरून साल काढणे म्हणूनच धोक्याचे.

मुंबईकरांच्या जिव्हाळ्याचे उदाहरण जुहूचे आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले ते ‘पस मॉथ’मधून. हे विमान बनवणाऱ्या डी हॅविलँड कंपनीची विमाने म्हटली की उघड्या कॉकपिटचे द्विपंखी ‘टायगर मॉथ’ डोळ्यांपुढे येते. ‘पस मॉथ’ मात्र एकपंखी, पंख धडाच्या वर असलेले आणि बंद केबिनचे होते. १९८२ मध्ये वयाच्या ७८व्या वर्षी जेआरडींनी त्याच दिवशी ते उड्डाण पुन्हा केले, तेव्हा विमान होते ‘लेपर्ड मॉथ’. दोन्ही एकाच डी हॅविलँड घराण्यातली, बंद केबिनची आणि दिसायला सख्ख्या बहिणींसारखी. त्यामुळे १९८२ चे छायाचित्र १९३२ चे म्हणून सहज खपून जाईल. पंख नीट पाहिले की फरक कळतो: ‘पस मॉथ’चा पंख जवळजवळ टोकापर्यंत सारख्याच रुंदीचा, तर ‘लेपर्ड मॉथ’चा टोकाकडे निमुळता होत जाणारा.

शेपटीवर किंवा धडावर स्वस्तिक दिसले की विमान नाझी जर्मनीचे, हेही खरे नाही. फिनलंडच्या हवाई दलाने १९१८ पासून पांढऱ्या वर्तुळातले निळे स्वस्तिक वापरले, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्या पंधरा वर्षे आधीपासून. तीच गत लाल रंगाची. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील ब्रिटिश आणि भारतीय हवाई दलाच्या विमानांवरच्या वर्तुळातून लाल ठिपका काढून टाकला होता. जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी त्याची गल्लत झाली असती, तर आपल्याच तोफा आपल्याच विमानांवर चालल्या असत्या. त्यामुळे लाल ठिपका नाही म्हणून विमान परके ठरवता येत नाही.

कृष्णधवल छायाचित्रातल्या छटांवरून रंग ठरवणे तर फारच फसवे. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळपास दिसतच नसे आणि निळा गरजेपेक्षा जास्त दिसे. परिणामी लाल काळपट, निळा फिकट आणि पिवळाही बराच गडद उमटे. प्रशिक्षण विमानाचे पिवळेधमक पोट अशा फिल्मवर काळे वाटते आणि पाहणारा ते रात्रीच्या मोहिमेचे विमान समजतो.

भारतीय विमानांवरच्या ‘व्हीटी’ या नोंदणी अक्षरांचा अर्थ ‘व्हाइसरॉयज टेरिटरी’, असे सर्रास सांगितले जाते. कथा चुरचुरीत आहे, पण निराधार. १९२७ च्या वॉशिंग्टन रेडिओ परिषदेनंतर देशांना संकेताक्षरांचे गट मिळाले, त्यातून भारताच्या वाट्याला ही अक्षरे आली. ऑस्ट्रेलियाचे ‘व्हीएच’ याच पद्धतीतले. त्याआधी भारतीय विमानांची नोंदणी ‘जी-आय’ने सुरू होई. छायाचित्राचे साल काढायला ही माहिती त्या कथेपेक्षा कितीतरी उपयोगी. मात्र संग्रहालयातल्या विमानावर दुसऱ्याच एखाद्या प्रसिद्ध विमानाची अक्षरे रंगवलेली असू शकतात.

चित्रपटांनी गोंधळात भरच घातली. ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ (१९६९) मधली ‘मेसरश्मिट’ विमाने प्रत्यक्षात स्पेनमध्ये बनलेली ‘बुचोन’ होती आणि त्यांत चक्क ब्रिटिश मर्लिन इंजिन होते. मूळ जर्मन इंजिन उलटे बसवलेले, म्हणून त्याच्या एक्झॉस्टच्या नळ्या नाकाच्या खालच्या अंगाला असतात. ‘बुचोन’मध्ये त्या वरच्या अंगाला दिसतात. ‘तोरा! तोरा! तोरा!’ (१९७०) मधली जपानी ‘झीरो’ही अमेरिकन प्रशिक्षण विमानांत फेरफार करून बनवलेली.

विमान विचित्र दिसते म्हणून छायाचित्र खोटे, असेही नसते. जर्मनीचे ब्लोम अँड फॉस बीव्ही १४१ हे १९३८ साली उडालेले टेहळणी विमान पाहून कोणालाही बनवाबनवीचा संशय यावा. त्याचे इंजिन आणि शेपटी एका धडावर, तर वैमानिकाची काचेची खोली शेजारी, पंखाच्या उजव्या बाजूला. ही खोली वैमानिकाच्या दिशेने पाहता डावीकडे, म्हणजे पंखाच्या डाव्या बाजूला दिसत असेल, तर विमान दुसरे नसते. छापताना निगेटिव्ह उलटी लागलेली असते.