जुनी भाषा, नवा कुंचला

खर्ड्याची लढाई तुम्हांला इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक असेल. अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात खर्डा हे गाव आहे. त्याच्या परिसरात ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांची गाठ पडली. दोन्ही बाजूंकडे तोफखाना होता. निजामाने माघार घेऊन खर्ड्याच्या भुईकोट किल्ल्यात आसरा घेतला, मराठ्यांनी त्याला तेथे कोंडले आणि अखेर त्याला तह करावा लागला.

समजा, या प्रसंगावर तुम्हांला संगणकाचा एक खेळ रचायचा आहे. पडद्याच्या डावीकडे तोफ, उजवीकडे कोटाची भिंत. खेळणाऱ्याने नेम धरायचा आणि गोळा भिंतीवर आदळतो की अलीकडेच पडतो ते पाहायचे. खेळ सोपा आहे, पण तो १९८१ सालच्या एका भाषेत लिहिला तर आजच्या संगणकावर चालेल का? आणि चालला तर तो आजच्यासारखा देखणा दिसेल का? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना भाषा आणि चित्र यांचे नाते फार चांगले समजते.

आपली भाषा आहे बीबीसी बेसिक. मूळ बेसिक ही भाषा अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्‌झ या दोन प्राध्यापकांनी १९६४ साली विद्यार्थ्यांसाठी तयार केली. पुढे ब्रिटनच्या बीबीसी या नभोवाणी संस्थेने दूरदर्शनवरून लोकांना संगणक शिकवायचे ठरवले. त्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ साली बीबीसी मायक्रो हा छोटा संगणक बनवला आणि त्याची बेसिक भाषा मुख्यतः सोफी विल्सन यांनी लिहिली. हाच संगणक आपल्याकडेही आला. भारत सरकारने १९८४-८५ साली शाळांसाठी संगणकशिक्षणाची 'क्लास' नावाची योजना सुरू केली, तेव्हा निवडक शाळांत बीबीसी मायक्रो बसवले गेले. तुमच्या आईवडिलांच्या पिढीतील काहींनी पहिली आज्ञावली याच भाषेत लिहिली असेल.

आता तोफ डागू. या भाषेत पडद्याचा कागद १२८० एकके रुंद आणि १०२४ एकके उंच मानलेला आहे. मोजणी डाव्या खालच्या कोपऱ्यापासून होते, अगदी तुमच्या आलेखवहीप्रमाणे. तोफ १००, १०० या बिंदूवर ठेवू. गोळ्याचा आडवा वेग दर पायरीला ४० एकके आणि उभा वेग ६० एकके घेऊ. गुरुत्वाकर्षण दर पायरीला उभ्या वेगातून ५ वजा करील. पहिल्या पायरीनंतर गोळा १४०, १६० वर येतो, दुसरीनंतर १८०, २१५ वर, तिसरीनंतर २२०, २६५ वर. बाराव्या पायरीला तो सर्वांत उंच, म्हणजे ५८०, ४९० वर पोचतो आणि बरोबर पंचविसाव्या पायरीला ११००, १०० वर जमिनीस टेकतो. कोटाची भिंत ११०० वर उभी केली असेल तर नेम साधला! खऱ्या गोळ्याला हवेचा विरोध होतो आणि तो याहून अलीकडे पडतो, पण तूर्त हवा बाजूला ठेवू.

भिंत कशी काढायची? 'मूव्ह ११००, १००' म्हटले की लेखणी न उमटता त्या जागी जाते. 'ड्रॉ ११००, ३००' म्हटले की तेथून वरपर्यंत रेघ उमटते. (प्रत्यक्षात या आज्ञा रोमन लिपीत टंकाव्या लागतात. येथे आपण त्या उच्चाराप्रमाणे लिहीत आहोत.)

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ही रेघ बेसिक भाषा स्वतः काढतच नाही! बीबीसी मायक्रोत भाषा एका चिपमध्ये होती आणि यंत्राचा सगळा कारभार पाहणारी प्रणाली दुसऱ्या चिपमध्ये. 'ड्रॉ ११००, ३००' ही आज्ञा वाचली की भाषा त्या प्रणालीकडे फक्त सहा अंक पाठवते : २५, ५, ७६, ४, ४४, १. यातील २५ म्हणजे 'आरेखन कर' आणि ५ म्हणजे 'सरळ रेघ ओढ'. पुढचे चार अंक म्हणजे बिंदूचा पत्ता. एका बाइटमध्ये २५५ हून मोठी संख्या मावत नाही, म्हणून ११०० ही संख्या ४ गुणिले २५६ अधिक ७६ अशी फोडली आणि ३०० ही १ गुणिले २५६ अधिक ४४ अशी. ही चिठ्ठी हाती पडली की कोणते ठिपके पेटवायचे हे प्रणाली ठरवते. लग्नपत्रिकेचा मजकूर लिहिणारा वेगळा आणि ती छापणारा वेगळा, तसेच हे.

छापणाऱ्याची परिस्थिती मात्र ओढगस्तीची होती. बीबीसी मायक्रोच्या 'बी' नमुन्यात स्मृती ३२ किलोबाइट, म्हणजे ३२,७६८ बाइट होती. चार रंगांचे चित्र हवे असेल तर पडद्यावर आडवे ३२० आणि उभे २५६ ठिपके मिळत. गुणाकार करा : ८१,९२० ठिपके. चार रंगांतला एक सांगायला प्रत्येकी दोन बिट लागतात, म्हणजे २०,४८० बाइट नुसत्या चित्रातच खर्च झाले. यंत्राच्या स्वतःच्या गरजा वजा जाता, कॅसेट वापरणाऱ्याच्या हाती आज्ञावलीसाठी सुमारे साडेआठ हजार बाइट उरत. त्यात तोफ, कोट, गुणफलक आणि नियम हे सारे बसवायचे!

या टंचाईतून युक्त्या निघाल्या. तोफगोळा हे आठ बाय आठ घरांचे अक्षर समजायचे आणि आठ ओळींसाठी आठ अंक द्यायचे : ६०, १२६, मग चार वेळा २५५, पुन्हा १२६ आणि ६०. हे अंक द्विमान पद्धतीत एकाखाली एक लिहून १ च्या जागा काळ्या करा, वाटोळा गोळा दिसेल. गोळा हलवायची युक्ती तर त्याहून सुरेख होती. चित्र असे काढायचे की पडद्यावरचे बिट उलटे व्हावेत. त्याच जागी तेच चित्र पुन्हा काढले की बिट पूर्ववत होतात आणि मागचे दृश्य आपोआप परत येते, पुसण्याची वेगळी खटपट नाही. मात्र गोळा लुकलुके आणि भिंतीवरून जाताना भलताच रंग धारण करी.

आता आजच्या काळात या. १९२० बाय १०८० ठिपक्यांचा पडदा आज सर्रास आढळतो. प्रत्येक ठिपक्याला चार बाइट धरले तर एक चित्र ८२,९४,४०० बाइटचे होते, त्या जुन्या चित्राच्या ४०५ पट! शिवाय ठिपके रंगवण्यासाठी ग्राफिक्स प्रोसेसर हा स्वतंत्र कामगार यंत्रात असतो. बिचारी जुनी भाषा येथे काय करणार?

तिला फारसे काही करावेच लागले नाही. चिठ्ठी तीच राहिली, छापणारा बदलला. पूर्वी बीबीसीत अभियंते असलेल्या रिचर्ड रसेल यांनी ही भाषा एकामागून एक नव्या यंत्रांवर नेली. २००१ साली तिचे विंडोजवरील रूप आले आणि त्यानंतर 'एसडीएल' या ग्रंथालयावर बेतलेले रूप. येथे ग्रंथालय म्हणजे तयार आज्ञावलींचा संग्रह. खिडकी उघडणे, ग्राफिक्स प्रोसेसरशी बोलणे, कळा आणि स्पर्श ओळखणे ही यंत्रागणिक बदलणारी कामे एसडीएल करते. म्हणून हे रूप विंडोज, लिनक्स, मॅक, रास्पबेरी पाय, अँड्रॉइड आणि आयफोनवरही चालते. ते विनामूल्य आहे, त्याचा मूळ मजकूरही सर्वांना खुला आहे.

आपली भिंत या नव्या रूपात पाहू. आज्ञा तीच : 'ड्रॉ ११००, ३००'. जुन्या यंत्रावर चार एककांना एक ठिपका होता, त्यामुळे रेघेचे टोक २७५ व्या स्तंभात आणि ७५ व्या ओळीत जाई. नव्या रूपात दोन एककांना एक ठिपका आहे, म्हणून तेच टोक ५५० आणि १५० वर जाते. आज्ञावलीत एकही अक्षर न बदलता चित्र बारीक झाले. प्रत्यक्ष ठिपके न मोजता काल्पनिक एकके मोजायची, हा १९८१ सालचा निर्णय किती दूरदर्शी होता पाहा.

ज्यांना याहून अधिक हवे त्यांच्यासाठी नव्या सोयी वेगळ्या संग्रहांत ठेवल्या आहेत. तिरकी रेघ पायऱ्यापायऱ्यांची दिसते ना? एका संग्रहातील आज्ञा कडेच्या ठिपक्यांना अर्धवट रंग देतात. रेघेने ठिपक्याचा अर्धा भाग व्यापला तर अर्धाच रंग, आणि डोळ्याला ती गुळगुळीत भासते. चार रंगांच्या दिवसांत हे शक्यच नव्हते. दुसरा संग्रह वस्तूंच्या टकरी आणि घरंगळणे यांचे गणित करतो, म्हणजे भिंतीचे दगड एकमेकांवर आपटत कोसळतील. तिसरा घनाकृती चित्रे काढतो. लुकलुकण्यावरही उपाय आहे : सारे दृश्य आधी पडद्याआड रंगवायचे आणि पुरे झाले की एकदम पुढे आणायचे. माझ्या मते खेळाचे रूप पालटणारी सोय हीच. गुळगुळीत कडांवाचून खेळता येते, डोळे चोळत खेळता येत नाही.

पण सारेच काही सुरळीत पार पडले असे समजू नका. जुन्या काळी वेग वाढवण्यासाठी काही जण चिठ्ठीची वाट सोडून पडद्याच्या स्मृतीत थेट अंक कोंबत. नव्या यंत्रात त्या पत्त्यावर पडदाच नाही, तेव्हा असे खेळ अडतात. काहींनी त्या यंत्राच्या ६५०२ प्रोसेसरच्या यंत्रभाषेत लिहिले. १९८४ सालचा 'एलिट' हा गाजलेला अंतराळखेळ तसाच होता. नव्या प्रोसेसरना ती यंत्रभाषा कळत नाही. असे खेळ पाहायचे तर जुन्या यंत्राचे सोंग घेणारी वेगळी आज्ञावली चालवावी लागते.

वेळेची गोष्ट तर मजेदारच आहे. गोळा सावकाश जावा म्हणून काही जण संगणकाला उगीचच एक ते हजार मोजायला लावत. आजचा संगणक ते हजार इतक्या झटपट मोजतो की गोळा सुटलेला दिसायच्या आत पडलेला असतो! ज्यांनी भाषेतील 'टाइम' हे घड्याळ वापरले त्यांचे खेळ मात्र जुन्या आणि नव्या यंत्रावर सारख्याच गतीने चालतात. हे घड्याळ सेकंदाचे शंभर भाग मोजते. दर पायरीला असे चार भाग थांबलो तर आपल्या गोळ्याच्या २५ पायऱ्यांना बरोबर एक सेकंद लागेल.

तेव्हा घरात किंवा शाळेच्या कपाटात अशा आज्ञावलीचा छापील कागद सापडला तर रद्दीत घालू नका. त्यात मूव्ह, ड्रॉ, टाइम अशा आज्ञा असतील, तर तो खेळ फोनवरही जिवंत होण्याची चांगली शक्यता आहे.

आणि आता हवेचा विरोध आणू. समोरून वारा सुटला आहे, म्हणून प्रत्येक पायरीनंतर आडव्या वेगातून १ वजा करायचा : पहिल्या पायरीत ४०, दुसरीत ३९, तिसरीत ३८. उभ्या वेगाला हात लावायचा नाही. बेसिकमध्ये ही एकच जादा ओळ आहे आणि ती १९८१ च्या यंत्रावरही चालली असती, कारण तिचा चित्राशी काही संबंध नाही. गोळा कोटाच्या किती अलीकडे पडेल? वहीत २५ ओळींचे कोष्टक करून पाहा. उत्तर ३०० एकके आले पाहिजे. ते जुळले की वाऱ्याला न जुमानता भिंत गाठण्यासाठी सुरुवातीचा आडवा वेग किती हवा, तेही काढा.